थोरला ग्रंथ, धाकटा ग्रंथ आणि नानांचा उपास

पाऊस परतला की वसईत ऊन एकदम अंगावर येतं. सांडोरच्या वाड्यांमध्ये राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत पडतात, पूर्वेला चांदीपकडे भात पिवळं व्हायला लागतं, आणि आमच्या सोसायटीच्या आवारात गरब्याचे बांबू येऊन पडतात. या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात दिसल्या की मला भूक लागते. खरं म्हणजे भूक नव्हे, भुकेची आठवण. आमचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास याच दिवसांत येतो. यंदाही आलाय. काल बाजारातून येताना सुकेळ्यांची पहिली जुडी दिसली आणि मी पिशवी खाली ठेवून नुसती उभी राहिले. केळीवाली म्हणाली, "घ्यायची तं घ्या बाय, बगून पोट भरते काय?" मी घेतली.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. हे सांगितलं की लोक विचारतात, "मग तुम्ही इकडे कधी आलात?" आम्ही वसईत आलो ते नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, परवडेल असा फ्लॅट इथे मिळाला तेव्हा. त्याआधी मुंबई आणि त्याआधी अलिबागकडचं गाव. त्याच्याही आधीचं विचाराल तर आमच्याकडे एक फुटलेलं गलबत आहे. त्यातून थोडी माणसं किनाऱ्याला लागली, त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. आठवणीत राहिले ते सण, आणि त्यांना नावं पडली ती थेट मराठी. नव्याचा सण, खिरीचा सण, आणि मोठ्या उपासाचा तो दरफाळणीचा सण. दरफाळणी म्हणजे दार लावून घेणं; हिब्रूत त्याचं नाव किप्पुर. त्या दिवशी घरातल्यांनी पांढरे कपडे घालायचे, दार लावायचं, आदल्या संध्याकाळपासून त्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, आणि बाहेरच्या माणसाशी बोलणं नाही. वर्षभराच्या चुकांचा हिशेब देवासमोर मांडायचा तो दिवस. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दार उघडायचं, दानधर्म करायचा आणि सगळ्यांना भेटायचं.

आमचे महिनेही चंद्राचे आणि हा सण दशमीचा, त्यामुळे बऱ्याचदा तो दसऱ्याला खेटूनच येतो. शेजारच्यांना हे आता पाठ झालंय. आमच्या मजल्यावर सोनं वाटताना मुलं आमचं दार सोडून पुढे जातात. "त्यांचं सोनं उद्या," असं एकमेकांना सांगतात.

मला सांगायचंय ते दहाबारा वर्षांपूर्वीच्या आश्विनाबद्दल. त्या वर्षी नानांचा मधुमेह हाताबाहेर गेला होता. इन्सुलिन सुरू झालं होतं आणि पावसाळ्यात दोनदा त्यांची साखर अशी काही उतरली की ते बोलता बोलता खुर्चीतून खाली आले. दुसऱ्या वेळी दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरबाईंनी आईला आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की पुन्हा असं झालं आणि वेळेवर लक्षात आलं नाही, तर माणूस हाती लागणार नाही. आणि नाना रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, शब्दाचे पक्के आणि उपासाचे त्याहून पक्के. तेराव्या वर्षापासून त्यांनी एकही उपास सोडला नव्हता. म्हणजे उपास धरला तर नाना जातील की काय ही आम्हाला भीती, आणि उपास मोडला तर आपण कोण उरलो ही नानांना.

आता दोन ग्रंथांचं सांगायला हवं, कारण त्या वर्षी घरात आमच्यापेक्षा तेच जास्त बोलत होते.

सत्तर सालच्या आसपास आमची निम्मी माणसं इस्रायलला गेली. जाताना मागे राहणाऱ्यांना पितळी हंडे, शिवणयंत्रं आणि पुस्तकं देऊन गेली. नानांच्या वाट्याला एका शेजाऱ्याकडून धर्मशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ आला. तो मध्ययुगात मिसर देशात राहणाऱ्या एका पंडिताने लिहिलेला. हा पंडित पेशाने वैद्य होता. नाना हिब्रू लहानपणी शिकले होते, ते रोज सकाळी चहाबरोबर त्यातलं एक पान वाचत. नानांचे धाकटे भाऊ शालोमकाका तरुणपणी काही वर्षं इस्रायलला राहून परत आले आणि ठाण्याला स्थायिक झाले. त्यांनी येताना दुसरा ग्रंथ आणला. तो पहिल्याच्या नंतर काही शतकांनी तिकडच्याच गालील प्रांतातल्या एका डोंगरी गावात लिहिला गेलेला. लिहिणाऱ्याचं घराणं स्पेनमधून हाकललेलं. दोन भावांचे दोन ग्रंथ, म्हणून घरात त्यांची नावंच थोरला आणि धाकटा अशी पडली.

दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. थोरल्याला सगळंच सांगायचं असतं. आमच्या त्या जुन्या, एकुलत्या देवळातले यज्ञ कसे करायचे, राजाने किती घोडे ठेवावेत, हेसुद्धा. ते देऊळ पडून हजार वर्षं झाली होती आणि राजा तर औषधालाही नव्हता, तरी तो आज संध्याकाळी लागेल अशा थाटात सांगतो. हे कोण म्हणालं, ते कुठे लिहिलंय, असली नावं तो देत नाही. कायदा असा आहे, एवढंच. वाक्यं छोटी आणि स्वच्छ. वाचताना वाटतं, नाडी बघून झालेला वैद्य औषध सांगतोय. धाकटा मात्र हकालपट्टीतून आलेला. त्याला देवळाची चिंता नाही. सकाळी उठल्यावर हात कसे धुवायचे, शनिवारी काय उचलायचं नाही, मांस आणि दूध कसं वेगळं ठेवायचं, जे आज लागतं तेवढंच तो सांगतो. आणि त्याच्या पानांवर पोलंडच्या एका पंडिताने मधे मधे शेरे मारलेत, की आमच्याकडे असं नाही, आमच्याकडे तसं करतात. त्यामुळे धाकट्याचं कुठलंही पान उघडलं तरी एखाद्या लग्नघरात शिरल्यासारखं होतं, दोन्हीकडची माणसं एकदम बोलत असतात.

वल्हांडणाच्या सणात आंबवलेलं काही खायचं नसतं, मग भात चालतो की नाही, हा आमच्याकडचा वार्षिक तंटा. थोरला म्हणतो चालतो. धाकटाही म्हणतो चालतो. शेऱ्यातला पोलंडवाला म्हणतो, आम्ही खात नाही. काका इस्रायलमध्ये पोलंडकडच्या लोकांत राहिलेले, त्यामुळे भात खाताना त्यांना हा शेरा थोडा खुपायचा. आईने एकदा कायमचा निकाल लावला.

"पोलंडात भात पिकतो का हो?" तिने विचारलं.

"नाही, वहिनी."

"मग त्यांचं काय जातंय नको म्हणायला. बसा पानावर."

माझ्या आईने दोन्हीपैकी एकही ग्रंथ वाचलेला नाही. तिचा कायदा आजीकडून आलेला, आणि दरफाळणीला दार लावायचं हे त्यात पहिलं. गंमत म्हणजे हे दार लावणं थोरल्यातही नाही आणि धाकट्यातही नाही. काकांनी हे तिला एकदा दाखवून दिलं. ती म्हणाली, "त्यांना राहिलं असेल लिहायचं."

त्या वर्षी सणाच्या चार दिवस आधी काका राहायला आले. एरवी आम्ही सगळे ठाण्याला त्यांच्याकडे जायचो, तिथल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला. उपासाच्या दिवशी वाहनात बसायचं नाही, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन राहायचं. पण नानांना प्रवास झेपणारा नव्हता. काका म्हणाले, दादाला एकटं सोडून मी तिकडे कशाला उभा राहू, आणि धाकटा बगलेत मारून वसईला आले.

बैठक बसली. नाना झोपाळ्यावर, काका समोर, आई दारात लसूण सोलत, आणि मी मधे. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात माझी बाजू कुठली हे कुणी विचारत नाही.

"तुझाच थोरला काढ," काका म्हणाले. "दुखणाईत माणसाला खायला घाला, असं त्यात आहे की नाही?"

"आहे."

"तो मागेल तर वैद्याचं न ऐकता घाला. आणि तो नको म्हणाला आणि जाणता वैद्य हवं म्हणाला, तरी घाला. आहे ना?"

"आहे. मी तुझ्या आधी वाचलंय ते."

"मग अडलंय कुठे?"

नानांनी पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "थोरला म्हणतो खायला घाला, पोट भरेस्तोवर. म्हणजे मी त्या दिवशी ताट घेऊन बसायचं. भात, आमटी, पापड. मग तो किप्पुर कुठला, शालोम? तो नेहमीचा सोमवार झाला."

तेव्हा मला हे बोलणं हट्टाचं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. थोरल्याचा नियम सरळ आहे आणि त्यात आजाऱ्याचा मोठा मान आहे. तू आजारी आहेस, तुला भूक लागली हे तुला कळतं, आता जेव. त्याला तिथे कसली काटछाट सुचली नाही, कारण तो खाटेशेजारी बसलेला वैद्य होता. पण ज्याने आयुष्यभर एक गोष्ट पाळली, त्याला ती पुरती सोडून दे म्हणणं कठीण असतं. त्या माणसाला धरायला काहीतरी लागतं.

ते धाकट्याकडे होतं. काकांनी पान उघडलं आणि सांगायला लागले. आजाऱ्याला खायला घालायचं, पण थोडं थोडं. मोठ्या खजुराएवढं खाल्लं तर उपास मोडल्याचा दोष, म्हणून त्याहून कमी. मग थांबायचं. चार अंडी खाऊन होतील इतका वेळ थांबायचं आणि पुन्हा थोडं द्यायचं. पाणी द्यायचं ते एक गाल भरेल त्याहून कमी, आणि गाल ज्याचा त्याचा.

"चार अंडी कोण खातंय, त्यावर आहे," नाना म्हणाले.

"त्याची मिनिटं काढून ठेवलीत लोकांनी. मी घड्याळ धरतो. तू दिवसभर खाशील आणि तरी मापाने एकदाही खाल्लेलं नसशील."

नाना हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले. "हे म्हणजे चोरून खाणं झालं."

"चोरून नाही. नेमाने."

त्यांनी ते मान्य केलं. तेव्हा मी आतल्या आत दोन्ही पंडितांना नमस्कार केला. शाळेत असताना मला हा धाकटा फार काथ्याकूट करणारा वाटायचा. अंडं, खजूर, गाल, मिनिटं, देवाला असल्या मापांशी काय देणंघेणं, असं वाटायचं. त्या दुपारी कळलं की एवढी मापं कुणीतरी काढत बसलं, ते माझ्या वडिलांसारख्या माणसाला जगता यावं म्हणून. त्या आधीच्याने जीव वाचवायला सांगितलं आणि या नंतरच्याने तो वाचवून घ्यायला संकोचणाऱ्या माणसाची सोय पाहिली. कितीतरी शतकांपूर्वी, कुठल्या कुठल्या देशात, दोघांनाही वसई कुठे आहे ठाऊक नव्हतं.

उपासाच्या आदल्या दुपारी डॉक्टरबाई आल्या. त्या सांडोरच्या. त्यांच्या वडिलांची केळीची वाडी आहे, आणि त्या चर्चमधल्या कॉयरमध्ये गातात. येताना कागदात बांधलेली सुकेळी घेऊन आल्या होत्या. "पप्पांनी दिलीत," त्या नानांना म्हणाल्या. "काका, तुम्ही बघू नका, काकूंसाठी आहेत." मग साखर तपासून म्हणाल्या, "इन्सुलिन मी कमी करते, पण बंद नाही करणार. उपास करायचा नाही. मी सांगते म्हणून."

शालोमकाकांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, "डॉक्टर, तुमचा शब्द आमचा कायदा आहे. जाणता वैद्य कुठल्याही धर्माचा असो, तो धोका आहे म्हणाला की खायला घालायचं, असं यात लिहिलंय."

"म्हणजे तुमच्या ग्रंथात मी आहे?"

"नाव नाही. जागा आहे."

त्या मनापासून हसल्या. उद्या दुपारी दवाखाना आटोपून एक चक्कर टाकते म्हणाल्या. आई म्हणाली, "उद्या आमचं दार बंद असतं हो." डॉक्टरबाई चप्पल घालत म्हणाल्या, "मग मी वाजवीन."

राहिलं गालाचं माप. काकांच्या म्हणण्याप्रमाणे नानांनी आदल्या दिवशी एक गाल भरून पाणी घ्यायचं, ते भांड्यात टाकायचं आणि त्याहून थोडं कमी अशी खूण करायची. मी शाळेतून मोजपात्र आणून ठेवलं होतं. नानांनी ते पाहिलं मात्र, आणि अंगात आल्यासारखे उठले. "मी काय दाताच्या डॉक्टरकडे आलोय? माझ्या पोरीसमोर मी थुंकायचं?" आम्ही समजावलं, पण ते खोलीत जाऊन बसले. शेवटी आई म्हणाली, "द्या ते इकडे. मी बघते त्यांचं." ती मोजपात्र आणि चहाचा काचेचा पेला घेऊन गेली, आणि परत आली तेव्हा पेल्यावर माझ्या नेलपॉलिशची लाल रेघ होती. आम्हाला वाटलं, बायकोसमोर तयार झाले असतील.

उपासाची संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. सूर्य मावळायच्या आधी जेवणं झाली. पोळ्या थोड्या उरल्या, त्या आईने झाकून ठेवल्या. पांढऱ्या साडीत तिने दार लावून कडी घातली. काका आणि नाना पश्चिमेकडच्या भिंतीशी उभे राहून प्रार्थना म्हणायला लागले, आणि नेमका त्याच वेळी खाली गरबा सुरू झाला. ढोल, टाळ्या आणि मधेच कुणाच्या तरी हरवलेल्या गाडीच्या चावीची घोषणा. वर दोन म्हातारे भाऊ वर्षभरात केलेली, न पाळलेली सगळी वचनं देवाकडून सोडवून घेत होते. नाना मधे थांबून म्हणाले, "खालचे बरे वाजवतायत यंदा," आणि पुन्हा चालू झाले. मला त्या दोन आवाजांचा कधीच त्रास झाला नाही. उलट हा सण ढोलाशिवाय आला तर त्या वर्षी मला चुकल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळ छान गेली. काका घड्याळ घेऊन बसले. वेळ झाली की आई नानांना पोळीचा सुपारीएवढा तुकडा द्यायची आणि लाल रेघेपर्यंत साखरपाणी. नाना डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा विजयही होता. बाहेर मुलं दुसऱ्या दारांत सोनं देत होती. आमच्या दाराशी आली की पावलं हळू व्हायची आणि पुढे जायची.

दुपारी मात्र त्यांच्या कपाळावर घाम यायला लागला. पंखा पूर्ण वेगात होता तरी सदऱ्याला पाठीवर डाग पडला. प्रार्थनेच्या पुस्तकातली एकच ओळ ते पुन्हा पुन्हा वाचत होते. काकांनी हाक मारली तर "काय?" म्हणाले आणि मग आम्ही कोण आहोत असं पाहत राहिले. मी उठले तेवढ्यात बेल वाजली.

आई जागची हलली नाही. दरफाळणीला तिने उभ्या आयुष्यात दार उघडलं नव्हतं. तिच्या आईनेही नाही, आजीनेही नाही. बेल पुन्हा वाजली. आईने नानांकडे पाहिलं, पदर खोचला आणि जाऊन कडी काढली.

डॉक्टरबाईंनी बोट टोचून पट्टी पाहिली आणि त्यांचा आवाज बदलला. "साखर फार खाली गेलीय. सकाळपासून काय दिलंत?" काकांनी पेला पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला. काकाही पाहत होते.

"वहिनी," काका म्हणाले, "हा दादाचा गाल?"

आई म्हणाली, "माझा."

आई रडवेली झाली होती. "ते काही ऐकेनात. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझं तोंड काय आणि यांचं काय, असं मला वाटलं." माझी आई नखाएवढी, आणि नाना वर्कशॉपमध्ये इंजिनाची चाकं फिरवलेले. सकाळपासून ते एका चिमणीच्या मापाने जगत होते.

काकांनी घड्याळ खिशात टाकलं. "आता माप नाही, दादा. धाकटाही हेच म्हणतो. एवढ्याने भागत नसेल तर लगेच, पोटभर. दोघांचं एकमत आहे."

डॉक्टरबाईंनी कालच्याच कागदातलं सुकेळं काढलं, साखर घातलेलं पाणी पेलाभर केलं आणि नानांच्या तोंडाशी नेलं. नानांनी ओठ घट्ट मिटले. शुद्ध अर्धी होती, पण तो हट्ट पुरता शुद्धीवर होता. "थोडंच राहिलंय," ते दातांतून म्हणाले. "निभेल."

"काका, निभणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी सांगते."

नानांनी मान फिरवली. जबरदस्ती करावी तर ठसका लागण्याची भीती. काका नुसते उभे. इंजेक्शन तयार करायला डॉक्टरबाईंनी बॅग उघडली. इतका शहाणपणा दोन ग्रंथांत भरलेला आणि तो पोचवायला त्या मिटलेल्या ओठांतून वाट नव्हती. मला त्या क्षणी नानांचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी, ते गेले तर हा राग मी कुणावर काढू, असं वाटलं.

आईने झाकलेली पोळी आणली. एक मोठा घास तोडला आणि स्वतःच्या तोंडाकडे नेला. तिलाही कडक उपास होता.

नानांनी मान वळवली. "मिल्का, काय करतेस?"

"खाते."

"तुला मनाई आहे. तू बरी आहेस."

"तुम्ही असे बसलात तर मी बरी कुठून राहीन? तुम्ही नाही खाल्लंत तर मी खाणार. मग माझं पाप कुणाच्या खात्यात टाकायचं ते तुम्ही आणि भावोजी ग्रंथात बघा."

घास तिच्या ओठांना टेकला होता. ती खाणार होती, यात मला आजही शंका नाही. नानांनी हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं.

"दे," ते म्हणाले. "मला दे."

आधी ते साखरपाणी त्यांनी एका दमात पिऊन टाकलं. मग सुकेळं खाल्लं. थोड्या वेळाने चेहऱ्यावर रंग आला, आणि त्यांनी आईच्या हातातली पोळी घेतली, दुधात कुस्करली आणि शांतपणे खाल्ली. डॉक्टरबाईंनी पुन्हा पट्टी पाहिली आणि बॅग बंद केली. नाना म्हणाले, "अजून एक आहे का?" आई दुसरी पोळी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ ओट्याशी उभी राहिली.

त्यानंतर नाना आमच्यात बरीच वर्षं होते. माझं लग्न त्यांनी पाहिलं, नातवाला हिब्रू मुळाक्षरं शिकवली, काकांशी भाताच्या शेऱ्यावरून पुन्हा भांडले. दरवर्षी या दिवसांत केळी वाळायला लागली की माझं मन त्या सगळ्यांचे आभार मानत सुटतं. मिसरच्या वैद्याचे, गालीलच्या त्या निर्वासिताचे, आजीच्या आजीचे, जिने न वाचता सगळं सांभाळलं, आणि सांडोरच्या वाडीतल्या त्या पप्पांचे, ज्यांना अजून मी भेटलेले नाही. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. तरी त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये ते सगळे हजर होते.

दुसरी पोळी संपल्यावर नाना हात धुऊन बसले. आमच्यात भाकरतुकडा खाल्ला की जेवण दिल्याबद्दल देवाचे आभार मानायची एक मोठी प्रार्थना आहे. सणाच्या दिवशी तिच्यात त्या सणाचं नाव घालून म्हणतात. पण किप्पुरला कुणी जेवतच नाही. मग त्या दिवशी ती म्हणायची कशी?

काका धाकटा उघडून उभे होते. थोरल्यात मला हे कुठे सापडलेलं नाही, धाकट्यात आहे. आजारी माणूस त्या दिवशी जेवला आणि त्याला बरं वाटलं, तर त्याने आभार मानावेत, आणि त्यात आजच्या दिवसाचं नाव घ्यावं. त्याच्यासाठी ते जेवण त्याच दिवसाचं आहे. काकांनी बोट ठेवून ओळ दाखवली. नानांनी ती चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून वाचली.

मग त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. आयुष्यभर तोंडपाठ असलेली प्रार्थना, पण त्या जागी आल्यावर ते अडखळले. ते शब्द तिथे त्यांच्या जिभेने कधी म्हटलेच नव्हते. ते थांबले, आईकडे पाहिलं, आणि सावकाश, एकेक अक्षर लावत, आज, या उपासाच्या दिवशी, मला जेवू घातल्याबद्दल, असं देवाला सांगितलं.

काका आमेन म्हणाले. आई म्हणाली, मी म्हणाले. आणि दाराशी चप्पल घालायला वाकलेल्या डॉक्टरबाई सरळ उभ्या राहिल्या आणि त्याही म्हणाल्या, आमेन.